मुरमुरे, रेती आणि आठ मिलीमीटर

आपल्या होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर सगळ्यात जास्त काय खाल्लं जातं याचा अजून कोणी सर्व्हे केलेला नाही. पण माझी खात्री आहे की मॅगी दुसऱ्या नंबरवर येईल. पहिला नंबर मुरमुऱ्यांचा! पेपरवर ओतलेले मुरमुरे, त्यात कच्चा कांदा, कच्चं तेल, तिखट-मीठ आणि भोवती सात-आठ हात. आमच्या मजल्यावर तर सबमिशनच्या आठवड्यात मुरमुऱ्यांचा पाच किलोचा पोतडा दोन दिवसांत संपतो.

तर सांगायचा मुद्दा असा की हा पोतडा माझ्या मामाकडून येतो. मोहाडी तालुक्यात त्यांची मुरमुऱ्यांची भट्टी आहे. मराठी विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "तू मेकॅनिकलची आहेस, प्रेमावर वगैरे लिहू नकोस, ते इतर बावीस जणांनी दिलंय. मशीनवर लिही." मी म्हटलं, मॅडम, माझं मराठी कॉन्व्हेंटचं. मला अजूनही एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन हे बोटांवर मोजावं लागतं. त्या म्हणाल्या, आकडे अंकांत लिही. म्हणून हा लेख. चुकांची जबाबदारी माझी, शुद्धलेखन मॅडमचं.

आधी मुरमुरे होतात कसे ते बघू. हे कळलं नाही तर मशीनमधलं काहीच कळणार नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात धान आणि राइस मिल यांची कमी नाही. पण मिलमधून आलेला कुठलाही तांदूळ गरम रेतीत टाकला की मुरमुरे होत नाहीत. अरवा तांदूळ टाकून बघा, नुसता भाजतो आणि तडकतो. मुरमुऱ्यांना उसना तांदूळ लागतो, म्हणजे आधी धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला. वाफवताना दाण्यातला स्टार्च शिजतो, आतल्या बारीक भेगा बुजतात आणि वाळल्यावर दाणा काचेसारखा कडक, अर्धपारदर्शक होतो. आता या काचेच्या दाण्यात साधारण १०.५ ते ११ टक्के पाणी ठेवायचं आणि तो २५० डिग्री सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या रेतीत टाकायचा. पाण्याची वाफ व्हायला बघते. पाण्याची वाफ झाली की साध्या दाबाला तिचं आकारमान सोळाशे पटींहून जास्त होतं, पण इथे तिला बाहेर जायला वाट नाही. आत दाब वाढतो. त्याच वेळी तापल्यामुळे काच मऊ पडते. कडक भिंत एकदम रबरासारखी झाली की वाफ तिला फुगवते आणि निघून जाते. वाफ गेली, पाणी गेलं, भिंत पुन्हा कडक झाली. आकार तसाच राहिला. झाला मुरमुरा! हे सगळं दहा-अकरा सेकंदांत. आकारमान मूळ दाण्याच्या आठ-दहा पट होऊ शकतं.

यावर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेत १९८० च्या दशकात नीट प्रयोग झालेले आहेत. ओलावा, तापमान, वेळ, कोणत्या जातीचा तांदूळ जास्त फुलतो, सगळं त्यांनी मोजलं. हे वाचून मी मामीला मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मामी, ओलावा ११ टक्क्यांच्या खालीच पाहिजे बरं का." मामीने टोपल्यातला एक दाणा उचलला, दाताखाली धरला, कट्‌ आवाज केला आणि म्हणाली, "आज अजून थोडा वाळू दे. हा ओला आहे." नंतर मी कॉलेजमधल्या ओव्हनमध्ये तोच तांदूळ वाळवून वजन केलं. १२.४ निघाला.

रेती कशाला, असा प्रश्न मला स्वतःला पडला होता. नुसत्या गरम हवेत का नाही? उत्तर हीट ट्रान्सफरच्या पहिल्या युनिटमध्येच आहे. दहा सेकंदांत दाण्याच्या आतपर्यंत उष्णता पोचवायची आहे. २५० डिग्रीच्या एक लिटर हवेचं वजन एक ग्रॅमही भरत नाही, आणि एक लिटर रेती दीड किलोच्या वर जाते. दर ग्रॅममागे उष्णता धरायची ताकद दोघांची जवळपास सारखीच. म्हणजे तेवढ्याच जागेत रेती हवेच्या दीड हजार पटींहून जास्त उष्णता बाळगते, शिवाय दाण्याला सगळीकडून चिकटून असते. उष्णता हळूहळू गेली तर पाणी आधीच वाफ होऊन निसटून जातं आणि दाणा फुगायचा राहतो. वैनगंगेची रेती ही सगळ्यांना फक्त घरबांधणीसाठी आणि रात्री पळवणाऱ्या ट्रकांसाठीच माहीत आहे. पण ती उष्णता वाहून नेणारं एक उत्तम माध्यम आहे.

आता जरा कॉफीकडे वळते, कारण त्याशिवाय मला मामाच्या मशीनचं डोकं कळलं नसतं. मागच्या वर्षी नागपूरला मैत्रिणीच्या भावाबरोबर एका ठिकाणी कॉफी भाजायचं मशीन बघितलं. (महाराष्ट्रात कॉफी पिकते हेही मला तिथे कळलं. आपल्याच विदर्भात, चिखलदऱ्याला, इंग्रजांच्या काळापासून.) हिरव्या बिया फिरत्या ड्रममध्ये टाकतात, खाली गॅसचा बर्नर, वरून गरम हवा ओढणारा पंखा. दहा-पंधरा मिनिटं भाजतात. बियांमध्येही साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं, म्हणजे आपल्या तांदळाच्या आसपासच! १९५-२०० डिग्रीला बिया तडतडायला लागतात, त्याला ते लोक पहिला क्रॅक म्हणतात. कारण तेच, आतली वाफ आणि वायू. पण कॉफीच्या पेशींच्या भिंती लाकडासारख्या जाड, त्यामुळे ती दीड-दोन पट फुगून थांबते. भाजून झालं की दार उघडून बिया जाळीच्या थाळीत ओततात आणि खालून हवा ओढून तीन-चार मिनिटांत गार करतात. नाहीतर त्या स्वतःच्या उष्णतेनेच पुढे भाजत राहतात.

कॉफीच्या मशीनचा इतिहास मोठा मजेशीर आहे. पूर्वी भाजणं संपलं की सगळा ड्रमच आगीवरून ओढून बाहेर काढावा लागे. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने ड्रमच्या आत उलटसुलट दोन स्क्रूसारख्या पट्ट्या बसवायचं पेटंट घेतलं. ड्रम फिरत असताना पट्ट्या माल मागे-पुढे ढकलतात, आणि दार उघडलं की माल आपोआप बाहेर येतो. ड्रम आगीवरून हलवायची गरजच नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६८ मध्ये, जर्मनीत एमेरिश इथे आज प्रोबाट या नावाने ओळखली जाणारी कंपनी सुरू झाली. तिची मशीनं आजही जगभर चालतात. मामाच्या मशीनचं झाकण मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत बघून ओरडलेच, "अरे, ह्या तर बर्न्सच्या पट्ट्या!" मामा म्हणाले, "कोनाच्या?"

मामाचं मशीन येण्याआधी वीस वर्षं आजी आणि मामी हाताने मुरमुरे फोडायच्या. मातीची चूल, लोखंडी कढई, रेती, लांब दांड्याचा झारा आणि चाळणी. पहाटे तीनला चूल पेटायची. आजीला आता दम लागतो, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं की धूर आणि रेतीची धूळ. मामीच्या उजव्या मनगटावर केस येत नाहीत, रोजच्या आचेने. म्हणून मामाने मशीन घ्यायचं ठरवलं. केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना २०२० मध्ये आली होती, त्यात ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. बाकी बँकेचं कर्ज, आणि स्वतःचा हिस्सा भरायला मामीच्या पाटल्या. मशीन आलं तेव्हा माझी सेम फोरची परीक्षा नुकतीच संपली होती. मी सुट्टीत तिकडेच गेले. पुढचं सगळं स्वतः बघितलेलं आहे.

मशीन म्हणजे काय, तर साधारण दहा फूट लांब लोखंडी ड्रम, मधून आरपार जाड शाफ्ट, दोन्ही टोकांना बेअरिंग. खाली विटांची भट्टी, तिच्यात धानाचा भुसा जळतो. एका टोकाने तांदूळ पडतो, आतल्या पट्ट्या रेती आणि तांदूळ पुढे ढकलतात, शेवटच्या दोन फुटांत ड्रमला भोकं आहेत, तिथे रेती गळते आणि मुरमुरे पुढे बाहेर पडतात. गळलेली रेती बाहेरच्या पट्ट्या परत मागे नेतात. रेती गोल गोल फिरत राहते, तांदूळ एकदाच जातो. इतकं साधं.

बसवतानाची पहिली चूक घाईची. फाउंडेशनचं काँक्रीट टाकून पाचव्या दिवशीच मशीन चढवायला फिटर तयार. सिव्हिलवाल्या मित्रांनो, तुम्हाला माहीतच आहे, काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश येते. मी मामाला म्हटलं थांबू या. फिटर माझ्याकडे असा बघत होता की ही पोरगी कोण. मामा थांबले, पण दहाच दिवस. हप्ता महिन्याला सुरू होणार होता ना! तेवढ्यात आम्ही भट्टीच्या विटा सुकवून घेतल्या. हे फार महत्त्वाचं. फायर ब्रिक आणि फायर क्लेची ओली भट्टी पहिल्याच दिवशी जोरात पेटवली तर सांध्यांतलं पाणी वाफ होऊन विटा फोडतं, अगदी मुरमुऱ्यासारखंच. तीन दिवस मंद जाळ, रोज थोडा वाढवत.

धुराड्याची जागा मामीने ठरवली. फिटर म्हणत होता पूर्वेला काढू, पाइप कमी लागेल. मामी म्हणाली, पूर्वेला शेजाऱ्यांची तणीस रचलेली असते, उन्हाळ्यात वारा तिकडेच वाहतो, एक ठिणगी गेली की संपलं. धुराडं उत्तरेला गेलं, वर जाळी बसवली. कुठल्याही पुस्तकात हे मला सापडलं नसतं.

ड्रमचा उतार आम्ही मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीने मोजला, दहा फुटांत एक इंच. मग मोटर लावली, बटन दाबलं, ड्रम फिरला, सगळ्यांनी नारळ फोडला, टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी सगळी रेती तांदूळ टाकायच्या टोकाला येऊन बाहेर सांडायला लागली. ड्रम उलटा फिरत होता! थ्री फेज मोटरच्या कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते, हे आपण सगळे व्हायव्हात सांगतो. तिथे मात्र पहिली पाच मिनिटं माझ्याही डोक्यात आलं नाही. मी पट्ट्यांच्या डिझाइनमध्ये दोष शोधत बसले होते.

आता लेखाच्या नावातल्या आठ मिलीमीटरकडे येते.

मशीन गरम चालायला लागलं आणि तिसऱ्याच दिवशी मोटरकडचं बेअरिंग ओरडायला लागलं. हात लावला तर चटका. फिटरला फोन केला, तो म्हणाला ग्रीस भरा. भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आता फाउंडेशनच्या बोल्टजवळ काँक्रीटला केसाएवढी चीर. सकाळी मशीन थंड असताना बेअरिंग एकदम शांत. दुपारी ओरडतं. संध्याकाळी विझवलं की रात्री पुन्हा शांत. मी अंगणात खाटेवर पडून विचार करत होते, आणि एकदम आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या सरांचं ते नेहमीचं गणित आठवलं, दोन भिंतींमध्ये अडकवलेला रॉड तापवला तर काय होईल. पोलादाची लांबी दर डिग्रीला, दर मीटरला ०.०१२ मिलीमीटर वाढते. शाफ्ट ३ मीटर. खोलीचं तापमान ३०, चालू असताना २५०, फरक २२०. गुणाकार केला तर ७.९ मिलीमीटर. शाफ्ट रोज सकाळी आठ मिलीमीटर लांब होत होता आणि रात्री परत आखडत होता! आणि फिटरने दोन्ही प्लमर ब्लॉक आतून रिंगा टाकून घट्ट बांधून ठेवले होते. वाढणार कुठे? बेअरिंगला दाबणार, नाहीतर काँक्रीट ढकलणार.

बरोबर रीत अशी की एका टोकाचं बेअरिंग घट्ट (गिअर ज्या बाजूला आहे त्या, म्हणजे दात जागेवर राहतात) आणि दुसऱ्या टोकाचं बेअरिंग त्याच्या घरात आडवं सरकायला मोकळं. त्याला आपण फ्लोटिंग म्हणतो. दुसऱ्या टोकाच्या ब्लॉकमधल्या रिंगा काढल्या आणि बेअरिंग आठ मिलीमीटर बाहेर सरकू शकेल अशी जागा ठेवली. खर्च शून्य रुपये, वेळ दोन तास. मोटरकडचं बेअरिंग मात्र खराब झालंच होतं, ते नवीन आणावं लागलं. परीक्षेत ह्या गणिताला मला पाचपैकी तीन मिळाले होते, तेही सांगून टाकते.

ग्रीसबद्दल एक. साधं लिथियम ग्रीस साधारण १८० डिग्रीला वितळून गळतं, आणि कामाचं त्याच्या बऱ्याच खालपर्यंतच. भट्टीच्या भिंतीपासून बेअरिंग जेवढं दूर तेवढं चांगलं. आणि जास्त ग्रीस म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. घर गच्च भरलं तर बेअरिंग ग्रीस घुसळूनच तापतं. अर्ध्याच्या आत पुरे.

यानंतर महिनाभर सगळं छान चाललं. मग जूनमधली ती संध्याकाळ. पावसाच्या आधीचं वादळ, आणि लाइट गेली.

अशा मशीनची लाइट जाणं म्हणजे पंखा बंद होणं नव्हे. ड्रम जागच्या जागी थांबतो. आतली रेती सगळी तळाशी, खाली आग तशीच. ड्रमचा खालचा भाग तापून लांब होतो, वरचा त्या मानाने थंड, आणि ड्रम केळ्यासारखा वाकतो. आत तांदूळ असेल तर तो जळतो. कॉफीवाल्यांचंही हेच भय असतं, लाइट गेली की ते पहिल्यांदा दार उघडून बिया बाहेर ओततात. आमच्या ड्रमला हाताने फिरवायचा दांडा नव्हता. फिटरने दिलाच नव्हता, आणि आम्हाला मागायचं सुचलं नाही.

मामाला वाटलं, आधी आग काढू. बरोबरच होतं. पण लाइटबरोबर भट्टीचा ब्लोअरही बंद पडलेला, आणि लाइट जायच्या दोनच मिनिटं आधी भुशाची अख्खी टोपली आत गेलेली. भुसा कसा जळतो हे इथे समजून घ्या. त्याचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग तापल्यावर वायू होऊन निघतो आणि तो वायू जळतो. हवा बंद झाली की वायू निघत राहतो पण जळत नाही. भट्टीत साठतो. अशा वेळी दार उघडलं की बाहेरची हवा एकदम आत जाते, आणि निखारे तर तिथे आहेतच.

भक्‌! एवढाच आवाज झाला. मोठा स्फोट वगैरे नाही. दारातून हातभर ज्वाळा आली आणि गेली. मामांचा उजवा हात कोपरापर्यंत आणि भुवया. मी टॉर्च धरून चार फुटांवर उभी होते. मामीने त्यांना ओढलं, रांजणापाशी बसवलं आणि हातावर पाणी ओतत राहिली, पंधरा-वीस मिनिटं, थांबलीच नाही. कोणीतरी कोलगेट आणा म्हणत होतं, मामी त्याच्यावर खेकसली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले पाणी ओतलं हेच चांगलं केलं. हात वाचला. दीड महिना पट्टी होती. त्या दीड महिन्यात मशीन मामीने चालवलं, कारण हप्ता थांबत नव्हता.

लाइट चाळीस मिनिटांनी आली. ड्रम फिरवला तर दर फेऱ्याला धप्प, धप्प. वाकला होता. मामी म्हणाली बंद करा. मी म्हटलं नाही, आता बंद केला तर असाच वाकडा थंड होईल. आग नाही, नुसता फिरू दे. रात्री दोनपर्यंत फिरवला. बराचसा सरळ झाला. पूर्ण नाही, आजही कान देऊन ऐकलं तर तो धप्प ऐकू येतो.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळल्या जातात. ड्रमच्या टोकाला चौकोनी खाचेत बसणारा दांडा गावच्या लोहाराकडून करून घेतला, तो मशीनशेजारी खिळ्यावर असतो आणि तिथे दुसरं काही टांगायला मनाई आहे. लाइट गेली की तांदूळ बंद, दांडा लावून दर मिनिटाला अर्धा फेरा, दोन माणसं आळीपाळीने. भुसा टोपलीने नाही, सुपाने, थोडा थोडा. आणि दार उघडायच्या आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडायची, दार बोटभर फट करून दहापर्यंत मोजायचं, बाजूला उभं राहून. समोर नाही. मामीचा दहाचा आकडा फार हळू येतो, आणि ते बरंच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा नवीनच भानगड. मुरमुरे लालसर निघत होते, कडवट लागत होते, आणि डिजिटल मीटर तर २०० च दाखवत होता. मामा म्हणत, रेती अजून तापली नाही, भुसा टाका. मामीने चिमूटभर तांदूळ मीटरला न विचारता रेतीत टाकला, तो टाकताक्षणी फुलून काळा पडला. ती म्हणाली, "हे तुमचं घड्याळ खोटं बोलते." मीटर खोटं बोलत नव्हतं, वायर खोटी होती. थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांतला फरक मोजतो. मीटर त्यात खोलीचं तापमान मिळवून दाखवतो. पण त्यासाठी थर्मोकपलपासून मीटरपर्यंत त्याचीच खास केबल लागते. मधल्या काळात उंदराने ती कुरतडली होती आणि गावातल्या इलेक्ट्रिशियनने तिथे साधी तांब्याची वायर जोडली. त्यामुळे मोजणी संपायची ती भट्टीच्या भिंतीजवळच्या डबीत, जिथे ८० डिग्री होते, आणि मीटर मिळवत होता खोलीचे ३०. पन्नास डिग्री हवेत गायब! मीटर म्हणे २००, रेती २५०. मामा मीटर २५० दाखवेपर्यंत आग वाढवायचे, म्हणजे रेती ३००. नवीन केबल पाइपातून घातली. तरी मामी रोज सकाळी दहा दाणे टाकून बघतेच. मीटर आणि दाणे यांचं एकमत झालं तरच काम सुरू.

रेतीची निगा ही एक वेगळीच विद्या आहे. नदीची रेती गोलसर असते, ती घ्यायची. गिट्टी फोडून केलेली टोकदार रेती ड्रमही घासते आणि मुरमुऱ्यात रुतते. धुवून, वाळवून, एक मिलीमीटरच्या चाळणीतून पडलेली आणि अर्ध्या मिलीमीटरच्या चाळणीवर राहिलेली तेवढीच कामाची. पहिल्यांदा एकटीच तापवायची, वास जाईपर्यंत. तांदळातली कणी आधीच काढून टाकायची, नाहीतर ती भोकांतून रेतीबरोबर गळते, रेतीबरोबर फिरत राहते, जळते आणि पुढच्या मुरमुऱ्यांवर काळे ठिपके येतात. रेती घासून घासून बारीक होत जाते आणि ती बारीक धूळच सगळ्यात वाईट. मामाने ड्रमच्या तोंडावर धूळ ओढणारा छोटा पंखा बसवलाय आणि मास्क आणलेत. मामी मास्क घालते. आजी आता शेडमध्ये येत नाही, अंगणात बसून पोती शिवते.

धुराडं महिन्यातून एकदा साफ. भुशाचा जवळजवळ पाचवा हिस्सा राख होते आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच असते, ती पाइपात थर धरून बसते. कॉफीच्या मशीनमध्ये राख नसते, पण बियांची पातळ साल सुटून पाइपात साठते आणि साफ केली नाही तर तिलाच आग लागते. नागपूरच्या त्या दुकानात मी विचारलं किती दिवसांनी साफ करता, तर पोरगा म्हणाला, "होऊन जाते." मी मनात म्हटलं, बाबा, भुवया सांभाळ.

आणि आता तुमच्यासाठी एक कबुली. ऑगस्टमध्ये आलेल्या पोतड्यात दाताखाली रेती लागते म्हणून आमच्या विंगमध्ये जी बोंबाबोंब झाली होती, ती खरी होती. शेवटच्या चाळणीची भोकं करपलेल्या स्टार्चने बुजली होती. तारेच्या ब्रशने रोज घासायची म्हणून आता मामाने वेळ ठरवलीय, पण ड्रमचा तो थोडा वाक अजून आहेच, आणि वाकलेल्या बाजूने चाळणीवर थर जाड पडतो. मी उतार एक इंचावरून पाऊण इंचावर आणून बघितला. रेती कमी झाली, पण माल तासाला क्विंटलच्या जागी पाऊण क्विंटलच निघतो, आणि मामांना ते परवडत नाही. चाळणीचा भाग दोन फुटांचा तीन फूट करता येईल का याचं ड्रॉइंग सध्या माझ्या टेबलावर आहे. वर्कशॉपच्या सरांनी बघतो म्हटलंय. तोपर्यंत पोतडा आला की एकदा परातीत पाखडून घ्या.